शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट
(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



आम्ही कला शाखेचे पदवीधर, आणि नोकरी बँकेच्या काउंटरवर. इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टवर आम्ही काय बोलावे? परंतु आमची कन्या इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आली आणि हा प्रश्न घरात आला.

चौघींचा ग्रुप. तिघींचे म्हणणे, चेहरा ओळखून हजेरी घेणारा तयार प्रोजेक्ट दुकानात मिळतो, रिपोर्टसकट, वर्गणी काढू. आम्हीही पैसे काढून ठेवले होते, हे कबूल केले पाहिजे. घरातली पहिली इंजिनिअर, तिचे अडू नये एवढेच आम्हाला कळत होते. तिची आई मात्र म्हणाली, "अगं, आधी बिल्डिंगची टाकी भरून वाहते ती थांबव, मग चेहरे ओळख."

तोच विषय ठरला. गाइड सरांनी तो नाकारला. पाण्याची पातळी दाखवणे डिप्लोमाची मुलेही करतात, म्हणाले. सरांचे बरोबर होते. विषय आपल्या दारातला आहे एवढ्याने भागत नाही, त्यात तपासण्यासारखे काही हवे. मग मुलींनी पंधरा दिवस गच्चीवर वही धरली. रात्री एक ते चार कोणी पाणी वापरत नाही, तरी पातळी उतरते. म्हणजे कुठेतरी गळती. ती यंत्राने ओळखायची, असे मांडल्यावर सरांनी सही केली.

प्रथम पाण्यात तांब्याच्या तारा सोडल्या. डीसी प्रवाहाने काही दिवसांतच एक तार झिजून हिरवी पडली. इलेक्ट्रोलिसिस हा शब्द आम्ही तेव्हा शिकलो. मग ध्वनिलहरींचा सेन्सर आणला. आवाज पाण्यावर आपटून परत यायला लागणाऱ्या वेळावरून तो अंतर काढतो. पण वीसेक सेंटीमीटरच्या आतले त्याला मोजता येत नाही, म्हणून झाकणावर पाइपचा तुकडा लावून तो उंच बसवला. बोर्ड आर्डुइनोचा, तो 2005 साली इटलीत विद्यार्थ्यांना परवडावा म्हणूनच निघाला. दुकानापेक्षा खर्च बराच कमी आला.

तेव्हा पालकांनो, पैसे देण्यापूर्वी मुलांना विचारा, याचे आकडे कुठून आणणार? बिघडले तर उघडणार कोण? आणि हे सातव्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच विचारा. परीक्षा तोंडावर आली की दुकानच दिसते.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारले, "एवढा सेन्सर कशाला? साध्या तारा का नाही?" मुलीने पर्समधून ती हिरवी तार काढून टेबलावर ठेवली.

गळती कुठे निघाली, असे तुम्ही विचाराल. आमच्याच घरातल्या फ्लशच्या टाकीत.