संकलन शिकताना
(वडोदरा येथे शिक्षक-विद्यार्थी कार्यशाळेत केलेल्या भाषणाचे लिखित रूप)



निमंत्रणपत्रिकेवर माझ्या नावाखाली ‘चित्रफीत-संकलनाचे जाणकार’ असे छापले आहे. ते वाचून माझ्या घरात बराच वेळ हसणे चालले होते. मी ३१ वर्षे शाळेत मराठी शिकवली. संकलन शिकलो ते वयाच्या ५७व्या वर्षी, रावपुऱ्यात लग्नाच्या चित्रफिती करणाऱ्या एका छोट्या स्टुडिओत. तिथे या कामाला कोणी संकलन म्हणत नाही, ‘मिक्सिंग’ म्हणतात. शिकवणारी माझीच जुनी विद्यार्थिनी. एकेकाळी मी तिच्या निबंधातल्या ऱ्हस्व-दीर्घाला लाल शाई लावत असे. आता ती माझ्या शेजारी स्टुलावर बसून म्हणायची, “सर, इथं तीन फ्रेम जास्त झाल्या.”

शिकायचे कारण साधे होते. दांडिया बाजार, बाबाजीपुरा, वाडी या भागांतली सत्तरी-ऐंशीतली माणसे जी मराठी बोलतात, ती आमच्या पाठ्यपुस्तकांत कधी आली नाही आणि पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत तर येण्याचे कारणच नाही. ती ध्वनिचित्रित करून ठेवावी असे मनात होते. चित्रण करणे सोपे वाटले, आणि आता फोनमुळे ते खरेच सोपे आहे. पण ५२ मिनिटांचे चित्रण कोण बघणार? शाळेत दाखवायचे तर नऊ-दहा मिनिटांचे हवे. मग कापायला शिकणे आले.

मला वाटले होते की पहिल्या दिवशी इफेक्ट शिकवतील. लग्नाच्या चित्रफितीत पाकळ्या उडतात, बदामाच्या आकारात नवरा-नवरी येतात, त्यातले काहीतरी. पहिले दोन दिवस तिने मला माउसला हात लावू दिला नाही. वही-पेन दिले आणि सांगितले, “आधी सगळं बघा. मधे थांबवायचं नाही. दुसऱ्यांदा बघताना लिहा.” काय लिहायचे? टाइमकोड, म्हणजे तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम, आणि त्यापुढे तिथे काय घडते ते एका ओळीत. आपल्याकडे बहुधा सेकंदाला २५ फ्रेम धरून काम चालते. या वहीला ‘लॉग’ म्हणतात. ही वही पुढे माझ्या किती उपयोगी पडणार होती, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

नंतर हळूहळू बाकीचे आले. माणूस बोलत असताना सलग चित्रातून मधला तुकडा काढला की त्याचे डोके टुणकन उडी मारते, तो जंप कट. ती उडी झाकायला मधे दुसरे काही दाखवायचे: हात, भिंतीवरचा फोटो, दारातली रांगोळी. बोलणाऱ्याचा चेहरा दिसण्याआधी त्याचा आवाज सुरू करायचा, तो जे-कट. चेहरा गेल्यावरही आवाज पुढच्या चित्रावर चालू ठेवायचा, तो एल-कट. पडद्यावर आवाजाच्या आणि चित्राच्या पट्ट्या एकाखाली एक असतात, त्यांच्या कापलेल्या टोकांचा आकार त्या इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो म्हणून ही नावे. मराठीच्या शिक्षकाला यात नवल वाटायचे कारण नाही. कीर्तनकार पूर्वरंगातून उत्तररंगात जाताना हेच करतात: अभंगाचा सूर अजून कानात असतो आणि आख्यान सुरू झालेले असते.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण गावाचा अभिमान आहे. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर आपल्या इथल्या कलाभवनात शिकले आणि छायाचित्रणाशी त्यांचा संबंध इथे आला. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून, महिनाभराहून अधिक काळ थोडी थोडी चित्रे घेत, रोप वाढताना दाखवणारी छोटी चित्रफीत केली होती. एका महिन्यातला बहुतेक सगळा काळ गाळून उरलेला मिनिटभर दाखवायचा, हे संकलनच. सरस्वतीबाई फाळके फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे करत. काही अभ्यासक त्यांना भारतीय चित्रपटाच्या पहिल्या संकलक मानतात. कलाभवनावरून जाताना आमच्या किती मुलांना हे ठाऊक असते?

आता मूळ गोष्टीवर येतो. २०१७ साली मी आमच्या शेजारच्या काकूंचे चित्रण केले. त्या तेव्हा ७९ वर्षांच्या होत्या. त्यांच्या दिवाणखान्यात पितळी कड्यांचा झोपाळा होता आणि काकू त्यावरच बसणार, खुर्चीवर नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकले. झोपाळा म्हणजे संकलन करणाऱ्याच्या डोक्याला ताप. कुठेही कापा, आधीच्या चित्रात झोपाळा पुढे असतो आणि नंतरच्या चित्रात मागे. शिवाय कड्यांची करकर. चित्रण सुरू झाल्यावर काकू म्हणाल्या, “बारी बंद कर रे, रस्त्याचा आवाज येतोय.” बारी म्हणजे खिडकी, गुजरातीतून आमच्या घराघरांत आलेला शब्द. मी बारी बंद केली आणि पुढे संकलनात ते वाक्यही काढून टाकले. कामाचे नव्हते, असे मला वाटले.

बोलता बोलता मी विचारले, “काकू, १९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, तेव्हा पुण्याला निघून जावंसं वाटलं नाही?” काकूंनी पायाचा अंगठा फरशीला टेकवून झोपाळा थांबवला. मग बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “नाही. कशाला जायचं?”

माझ्या नऊ मिनिटांच्या चित्रफितीत हा ‘बराच वेळ’ नव्हता. प्रश्न, त्यावर सुरसागर तलावाचे दोन सेकंदांचे दृश्य, आणि लगेच उत्तर: “नाही. कशाला जायचं?” शाळेच्या सभागृहात दाखवले तेव्हा या वाक्याला टाळ्या पडल्या. बडोद्याच्या मराठी माणसाचा बाणा वगैरे लोक बोलले. मीही खूश होतो. माझा कट नेमका बसला होता.

काकू कार्यक्रमाला आल्या नव्हत्या, गुडघे दुखत होते. मी घरी जाऊन टॅबवर दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत पाहिली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “छान केलंयस. पण मी लगेच नाही म्हटलं नव्हतं.”

मी म्हटले, “काकू, तुम्ही थोडा वेळ गप्प होतात, तेवढंच काढलंय.”

“तेच म्हणते मी.”

मग त्यांनी सांगितले. त्या वर्षी त्यांच्या भावाने पुण्यात काकांसाठी नोकरी बघून ठेवली होती. दोन ट्रंका भरूनही झाल्या होत्या. काकूंना जायचे होते. सासूबाईंनी घर सोडायला नकार दिला आणि ट्रंका पुन्हा माळ्यावर गेल्या. “कशाला जायचं?” हे वाक्य मुळात सासूबाईंचे. हे सगळे मी भर सभेत सांगतो आहे, कारण त्यांनीच परवानगी दिली होती: “सांग, आता रागवायला कोण उरलंय?” कॅमेऱ्यासमोर पुन्हा सांगाल का, असे विचारल्यावर मात्र नाही म्हणाल्या. एकदा झाले ते झाले.

१९२०च्या सुमारास मॉस्कोत लेव्ह कुलेशोव्ह यांनी केलेला प्रयोग तुमच्यापैकी काहींनी वाचला असेल. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा त्यांनी एकदा सूपच्या थाळीशेजारी, एकदा शवपेटीशेजारी जोडला. बघणाऱ्यांना एकदा त्यात भूक दिसली, एकदा शोक. हे मी मुलांना फळ्यावर चौकटी काढून शिकवत असे. आणि स्वतः काकूंच्या उत्तराशेजारी सुरसागर जोडून त्यातून बाणा काढला होता. आपण शिकवतो ते आपल्या हातून होताना ओळखू येत नाही, हा अनुभव शिक्षकांना नवा नसावा.

चूक दुरुस्त करायला बसलो. संगणकावरच्या संकलनात खरे म्हणजे काहीच कापले जात नाही. मूळ फाइल जशीच्या तशी असते, आपण फक्त कुठून कुठपर्यंत दाखवायचे ते सांगतो. त्यामुळे मी निर्धास्त होतो. पण कार्ड मी पुढच्या चित्रणासाठी पुसून वापरले होते. आणि संगणकात जागा नव्हती म्हणून काम संपल्यावर ‘वापरलेला भाग तेवढा ठेवा’ अशी सोय वापरून बाकीचे काढून टाकले होते. ती सोय प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना थोड्या जादा फ्रेम राखते. मी १२ ठेवल्या होत्या. वहीत पाहिले तर लॉगमध्ये माझ्याच अक्षरात लिहिलेले: ‘गप्प, १७ सेकंद, झोपाळा थांबला.’ त्या १७ सेकंदांतल्या माझ्याकडे २४ फ्रेम उरल्या होत्या, म्हणजे पुरता एक सेकंदही नाही. पहिल्या बारांत अंगठा फरशीला टेकताना दिसतो. शेवटच्या बारांत काकूंचे ओठ उघडतात. मधले काही नाही.

स्टुडिओतला एक मुलगा मदतीला धावला. “काका, स्लो करून देतो. सॉफ्टवेअर मधल्या फ्रेम स्वतः बनवतं, सतरा सेकंद सहज होतील. कळणारसुद्धा नाही कुणाला.” त्याने करूनही दाखवले. खरेच कळत नव्हते. काकू अतिशय संथपणे विचार करताना दिसत होत्या, आणि तो विचार त्या यंत्राने केलेला होता. मी ते ठेवले नाही. त्या मुलाला अजूनही वाटते की सरांना तंत्र कळत नाही.

मी काय केले ते सांगतो. चित्रण संपल्यावर माझ्या विद्यार्थिनीच्या आग्रहाने मी रिकाम्या खोलीचा अर्ध्या मिनिटाचा आवाज घेऊन ठेवला होता. कोणी बोलायचे नाही, हलायचे नाही, नुसती खोली ऐकायची. याला ‘रूम टोन’ म्हणतात. दोन वाक्यांमध्ये संपूर्ण निःशब्दता आली तर ती कानाला भोकासारखी लागते, ते बुजवायला हा वापरतात. नव्या आवृत्तीत प्रश्नानंतर अंगठा टेकतो आणि पडदा काळा होतो. काळ्यावर पांढरी अक्षरे: ‘येथे काकू १७ सेकंद बोलल्या नाहीत. मूळ चित्रण उरलेले नाही.’ खाली खोलीचा आवाज. मग ओठ उघडतात. एका विद्यार्थ्याने मला विचारले की तो आवाजही त्या क्षणाचा नाही, मग तोही जोडलेलाच ना? हो, जोडलेलाच. त्याचे उत्तर माझ्याकडे अजून नाही.

त्या अक्षरांपायीही एक संध्याकाळ गेली. काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी टाकली की जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. सेटिंगमध्ये अक्षरांसाठी दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय असतो, तो निवडल्यावर बहुधा सुधारते. नाहीतर अक्षरे दुसरीकडे टाइप करून चित्र म्हणून आणावीत. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘विद्यार्थी’ हा शब्द फुटलेला पाहून आमच्यातल्या दोघांनी मराठी शीर्षकांचा नाद सोडला आणि इंग्रजीत टाकून मोकळे झाले.

आवाज स्वच्छ करण्याबद्दलही थोडे. पंख्याची घरघर काढायची सोय सगळीकडे असते: घरघरीचा नमुना द्यायचा, ते तशा प्रकारचा आवाज शोधून दाबते. जोर वाढवला की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा होतो, आणि पहिला बळी जातो तो ‘स’, ‘श’ आणि ‘चमचा’तल्या दंत्य ‘च’चा, कारण हे वर्ण घर्षणाचे आहेत, यंत्राला तेही खरखरच वाटतात. बोलीच्या अभ्यासासाठी चित्रण करणाऱ्याने पंखा बंद करून घामाघूम व्हावे. मी काकूंच्या झोपाळ्याची करकरही अशीच दाबली होती. ती दाबल्यामुळे झोपाळा थांबल्याचेही ऐकू येत नव्हते.

उपशीर्षके करताना तोच मोह होतो. दुसऱ्या एका चित्रणात आजोबा ‘शाक’ म्हणाले, माझ्या हातांनी ‘भाजी’ टाइप केले. ३१ वर्षांची लाल शाई, दुसरे काय! आता आमचा नियम असा की तोंडात जो शब्द, तोच खाली.

काकू आता नाहीत. नव्या आवृत्तीत “बारी बंद कर रे” मला परत घालायचे होते, पण तेही त्या पुसलेल्या भागात गेले. आता आम्ही प्रत्येक चित्रणाच्या तीन प्रती ठेवतो. त्यांतली एक दुसऱ्याच्या घरी असते. लॉगची वही आणि संपूर्ण फाइल हातात असल्याशिवाय कोणाला कापायला बसू देत नाही. संस्थांनी अशा फाइली ठेवायला जागा द्यावी असा अर्ज आम्ही केला आहे. या सभेतल्या कोणाचा तिथे शब्द चालत असेल तर जरूर टाकावा.

माझा वेळ संपत आला. आता दोन्ही आवृत्त्या दाखवतो, आधी टाळ्यांची, मग दुसरी. दुसरीत पडदा काळा झाला की प्रोजेक्टर बंद पडला असे समजून कोणी उठू नये. मागचे दिवे कोणीतरी घालवा, आणि जमल्यास पंखेही.