रणगाड्यांनी बेकारी हटते काय?



जर्मनीच्या पूर्व टोकाला, पोलंडच्या सीमेला लागून, गॉर्लिट्झ नावाचे एक शहर आहे. १८४९ सालापासून तेथे रेल्वेचे डबे तयार होत आले. दोन महायुद्धे, नाझी राजवट, मग चार दशकांची कम्युनिस्ट राजवट आणि त्यानंतर पुन्हा भांडवलशाही, एवढ्या उलथापालथी त्या कारखान्याने पाहिल्या. दुमजली डब्यांसाठी त्याचा लौकिक होता. हे उत्पादन बंद करण्याचे मालक कंपनीने ठरविले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाले की कारखाना रणगाडे बनविणाऱ्या एका कंपनीकडे जाणार. डब्यांच्या जागी रणगाड्यांचे व चिलखती गाड्यांचे भाग तेथे घडविले जाणार. त्या समारंभाला चॅन्सेलर ओलाफ शोल्झ जातीने हजर होते. ज्या कामगारांच्या डोक्यावर बेकारीची तलवार टांगलेली होती, त्यांपैकी अनेकांना नव्या मालकाकडे काम मिळणार होते. त्यांना या रणगाड्यांचा तिटकारा का वाटत नाही, असा प्रश्न दूर बसून विचारणे सोपे आहे.

पुढच्याच महिन्यात जर्मन संसदेने राज्यघटना दुरुस्त केली. सरकारने किती कर्ज काढावे यावर त्या देशाने २००९ साली घटनेतच कडक मर्यादा घालून घेतली होती. शाळांची छपरे गळोत, पूल खिळखिळे होवोत, ती मर्यादा ओलांडता येत नाही असे जर्मन जनतेला वर्षानुवर्षे ऐकविले गेले. २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे उत्पादन घटले तरी घटनेतील ती तरतूद बदलली गेली नाही. आता राष्ट्रीय उत्पन्नाच्या १ टक्क्यापलीकडील संरक्षणखर्च त्या मर्यादेतून मुक्त झाला. त्याच दुरुस्तीत पूल, रेल्वे वगैरेंसाठी ५० हजार कोटी युरोंचा निधीही मंजूर झाला, हे सांगितले पाहिजे. परंतु त्या निधीला आकड्याचे कुंपण आहे. शस्त्रांना कुंपण नाही. जून २०२५ मध्ये हेग येथे नाटो राष्ट्रांनी २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाचे ५ टक्के संरक्षण व तत्संबंधित कामांवर खर्च करण्याचे ठरविले. स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेच्या गणतीप्रमाणे २०२४ या एका वर्षात जगाचा लष्करी खर्च २ लाख ७१ हजार ८०० कोटी डॉलरवर गेला. या सर्व खर्चाचे समर्थन केवळ शत्रूच्या भयाने होत नाही. यातून मंदावलेले उद्योग उठतील, रोजगार वाढेल, असेही सांगितले जाते, आणि कामगार वस्त्यांतून ते पटतेही.

या युक्तिवादाला समाजवादी कार्यकर्ता सहसा उत्तर देतो की हे सारे थोतांड आहे, युद्धखर्चाने कधी कोणाचे भले होत नाही. हे उत्तर नैतिकदृष्ट्या शोभून दिसते, परंतु ते खरे नाही, आणि जो कामगार आपल्या डोळ्यांनी बंद कारखाना चालू होताना पाहतो त्याच्यापुढे ते टिकत नाही.

अमेरिकेचेच उदाहरण घ्यावे. १९३३ साली तेथील दर चार कामगारांमागे एक बेकार होता. रूझवेल्ट यांच्या सरकारने रस्ते, धरणे, शाळा, वनीकरण अशी मदतकामे काढली. त्यांतील एका योजनेखालीच आठ वर्षांत सुमारे ८५ लाख माणसांना काम मिळाले. १९३७ पर्यंत बेकारीचे प्रमाण १४ टक्क्यांवर आले. मग अंदाजपत्रकाचा तोल सावरण्याची घाई झाली, खर्चाला कात्री लागली, आणि वर्षभरात बेकारी पुन्हा १९ टक्क्यांवर गेली. १९४० मध्येही, मदतकामांवरचे लोक धरून, ती १४ टक्क्यांच्या वर होती. त्यानंतर युद्ध आले. १९४४ मध्ये बेकारी १.२ टक्के होती. राष्ट्रीय उत्पादन पाच वर्षांत पाऊणपटीहून अधिक वाढले. डेट्रॉईटजवळच्या विलो रन येथे फोर्डच्या कारखान्यातून ऐन भरात तासाला एक बॉम्बफेकी विमान बाहेर पडत होते. ज्या स्त्रियांना आणि काळ्या कामगारांना कारखान्याचे दार बंद होते, त्यांनाही ते उघडले. अर्थात काळ्या कामगारांसाठी ते आपोआप उघडले नाही, १९४१ साली फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याची धमकी दिली तेव्हा उघडले.

तेव्हा युद्धखर्चाने बेकारी हटली, हे मान्य केलेच पाहिजे. पण हटविली ती कशाने? तोफेने की खर्चाने? मदतकामांच्या काळात अमेरिकन सरकारची वार्षिक तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्क्यांपर्यंतही कधी पोचली नाही. १९४३ साली ती ३० टक्क्यांच्या आसपास होती. औषध तेच, आधी ते थेंबाथेंबाने दिले गेले, मग घागरीने. केन्स हे अर्थशास्त्रज्ञ १९३६ पासून हेच सांगत होते, आणि १९४० साली त्यांनी काहीशा विषादाने लिहिले की आपले म्हणणे सिद्ध करण्याइतका मोठा खर्च भांडवलशाही लोकशाही युद्धावाचून करील असे दिसत नाही.

शिवाय १९४४ ची ती समृद्धी कशी होती, हेही पाहिले पाहिजे. फेब्रुवारी १९४२ पासून खाजगी मोटारींचे उत्पादन बंद होते. साखर, मांस, पेट्रोल, टायर यांचे रेशनिंग होते. कामगाराच्या खिशात पैसा होता, पण विकत घ्यायला वस्तू नव्हती. पैसा युद्धरोख्यांत जात होता. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात रणगाडा आणि पाव एकाच रकान्यात बसतात, एवढ्यावरून माणसाला रणगाडा खाता येत नाही. अतिश्रीमंतांच्या वरच्या थरातील उत्पन्नावर ९४ टक्के कर होता आणि किमतींवर सरकारचे नियंत्रण होते, हेही विसरता कामा नये. आज जे लोक युद्धखर्चाचे गोडवे गातात ते या दोन गोष्टींचा उल्लेख सहसा करीत नाहीत.

आणि युद्ध संपले तेव्हा काय झाले? सैन्यात १ कोटी २० लाख माणसे होती. दोन वर्षांत ती १५-१६ लाखांवर आली. केंद्र सरकारचा खर्च ९,३०० कोटी डॉलरवरून ३,५०० कोटींच्या आत आला. मोठमोठ्या अर्थतज्ज्ञांनी प्रचंड बेकारीचे भाकीत केले होते. प्रत्यक्षात ती ४ टक्क्यांच्या आसपास राहिली. साठलेली बचत घरे व मोटारी घ्यायला बाहेर आली, आणि १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा भार सरकारने उचलला. २२ लाख जण त्या आधारावर महाविद्यालयांत गेले. तोफांचे काम थांबल्याने देश बुडाला नाही.

अमेरिकेची ही कथा सर्वत्र सांगितली जाते. त्याच युद्धाची दुसरी कथा भारतातील आहे, आणि ती या वादात कोणी काढत नाही.

हिंदुस्थानातही त्या वर्षांत युद्धखर्च अफाट वाढला. १९३९ च्या करारान्वये त्यातील मोठा भाग ब्रिटनने सोसावयाचा होता. पण ब्रिटन ते पैसे लंडनमध्ये पौंडांच्या खात्यावर जमा करी, आणि त्या जमेच्या आधारावर येथे रिझर्व्ह बँक नोटा छापी. १९३९ मध्ये सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. युद्ध संपताना त्यांची संख्या सहापटीहून अधिक झाली होती. लष्कर या नोटांनी धान्य, कापड, ताग, लाकूड, मजुरी खरेदी करी. कागदावर हिंदुस्थान ब्रिटनचा धनको झाला. मुंबईच्या गिरण्या रात्रंदिवस चालल्या, गिरणीमालकांनी अभूतपूर्व नफे मिळविले. उद्योगाला चालना मिळाली काय, असे विचाराल तर मिळाली.

परंतु येथे एक भेद होता. अमेरिकेत रिकामे हात होते तशी रिकामी यंत्रे होती, पडीक खाणी होत्या, विक्रीवाचून पडलेले धान्य होते. पैसा आला तशी वस्तूही आली. हिंदुस्थानात रिकामे हात उदंड होते. पण त्यांना लावायला यंत्रे नव्हती, बाहेरून ती येत नव्हती, आणि शेतीचे उत्पन्न नोटा छापून वाढत नाही. नवा पैसा त्याच धान्यामागे, त्याच कापडामागे धावू लागला. १९४२ साली ब्रह्मदेश पडला व तेथील तांदूळ थांबला. जपानी सैन्याच्या भीतीने बंगालच्या किनाऱ्यावरील नावा सरकारने जप्त वा नष्ट केल्या. ऑक्टोबरात मेदिनीपूरला चक्रीवादळाने झोडपले. कलकत्त्यातील युद्धोपयोगी कारखान्यांच्या कामगारांना स्वस्त धान्य पुरविण्याची व्यवस्था झाली. ते धान्य ज्या बाजारातून उचलले गेले त्याच बाजारात खेड्यातील शेतमजूर, कोळी, नावाडी उभे होते. त्यांची मजुरी होती तेथेच राहिली आणि तांदळाचा भाव दीड वर्षात कित्येक पट झाला. सरकारी चौकशी समितीने बळींचा आकडा १५ लाख धरला. अमर्त्य सेन यांच्या अभ्यासाप्रमाणे तो ३० लाखांच्या घरात जातो. मुंबईच्या गिरणी कामगाराने १९४० साली संप करून महागाई भत्त्याचा प्रश्न तरी ऐरणीवर आणला होता. बंगालच्या शेतमजुराजवळ संपाचे हत्यारही नव्हते.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून धनंजयराव गाडगीळ व सोवनी यांनी ‘वॉर अँड इंडियन इकॉनॉमिक पॉलिसी’ हा ग्रंथ १९४३ सालीच प्रसिद्ध केला, म्हणजे दुष्काळ चालू असतानाच. युद्धाचा खर्च शेवटी कोणीतरी त्याच वर्षी आपल्या उपभोगातून भरतो. कर आणि रेशनिंग यांनी तो श्रीमंतांकडून घेतला नाही तर भाववाढ तो गरिबाच्या ताटातून घेते. केन्स यांनी इंग्लंडपुरते हे १९४० सालीच मांडले होते, आणि इंग्लंडात त्याप्रमाणे कर व रेशनिंग झालेही. वसाहतीला तो न्याय लागू झाला नाही.

रशियाचा अलीकडचा अनुभवही त्याच दिशेचा आहे. युक्रेनवरील आक्रमणानंतर शस्त्रनिर्मितीच्या जोरावर २०२३ आणि २०२४ मध्ये तेथील उत्पादन वर्षाला ४ टक्क्यांच्या आसपास वाढले. मग कामगारांचा तुटवडा पडला, भाव चढले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मध्यवर्ती बँकेला व्याजदर २१ टक्क्यांवर न्यावा लागला. २०२५ मध्ये ती वाढ ओसरली.

मग प्रश्न उरतो तो असा: रिकामी यंत्रे आणि रिकामे हात असताना सरकारी खर्चाने काम निघते हे सिद्ध झालेले असता, तो खर्च शाळा व रुग्णालये यांच्यासाठी करायला सत्ताधारी वर्ग का कचरतो, आणि तोफांसाठी का कचरत नाही? मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील अर्थतज्ज्ञांनी २०११ साली अमेरिकेसाठी काढलेला हिशेब असा आहे की १०० कोटी डॉलर लष्करावर खर्चले तर सुमारे ११,२०० माणसांना काम मिळते, आरोग्यावर खर्चले तर १७,२००, आणि शिक्षणावर खर्चले तर २६,७००. म्हणजे रोजगार हाच हेतू असेल तर तोफ ही सर्वांत महागडी मदतकामे ठरते.

पोलंडचे मिखाल कालेत्स्की यांनी याचे उत्तर १९४३ सालच्या एका छोट्या निबंधात दिले. कायमची पूर्ण रोजगारी आली की कामावरून काढून टाकण्याच्या धमकीची धार जाते. कामगार ताठ मानेने उभा राहतो. उद्योगपतीचा नफा त्या काळात वाढतही असेल, पण कारखान्यातील शिस्त आणि राजकारणातील वजन त्याला नफ्याहून अधिक प्रिय असते. शिवाय सरकारने रुग्णालये, घरे, वाहतूक हाती घेतली की ती खाजगी धंद्याच्या प्रांतात शिरतात. अन्नावर अनुदान दिले तर माणसाने घाम गाळूनच भाकरी मिळवावी या तत्त्वाला धक्का बसतो. रणगाडा कोणाच्या धंद्यात शिरत नाही. नाझी जर्मनीत ६० लाख बेकारांना काही वर्षांत काम मिळाले, पण त्याआधी, २ मे १९३३ रोजी, कामगार संघटनांच्या कचेऱ्यांचा ताबा घेऊन त्या मोडल्या गेल्या होत्या. पूर्ण रोजगारीची भीती मालकवर्गाला तेथे वाटली नाही याचे कारण तेच.

भारतात ४१ शस्त्रनिर्मिती कारखान्यांचे १ ऑक्टोबर २०२१ रोजी सात कंपन्यांत रूपांतर झाले. कामगार संघटनांनी संपाची नोटीस देताच सरकारने आधी वटहुकूम आणि मग कायदा करून वर्षभरासाठी संरक्षण उत्पादनातील संपावर बंदी घालण्याचा अधिकार घेतला. शस्त्रांचा कामगार देशासाठी एवढा महत्त्वाचा, की त्याला संपाचाही हक्क असू नये! खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा या ठिकाणी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना हा इतिहास नवा नाही.

त्या कामगारापुढे जाऊन शस्त्रखर्च कमी करा म्हणणे म्हणजे तुझी चूल विझव म्हणणे, असे त्याला वाटते, आणि पर्याय न सांगता कोणी तसे म्हणत असेल तर त्याचे वाटणे रास्तच आहे. येथे इंग्लंडमधील ल्यूकस एरोस्पेस कंपनीच्या कामगारांची आठवण उपयोगी पडेल. तेथील जवळजवळ निम्मे काम लष्करी होते आणि कपातीची टांगती तलवार होती. कारखान्या-कारखान्यांतील कामगार प्रतिनिधींच्या संयुक्त समितीने १९७६ साली स्वतःचा आराखडा तयार केला. त्यात सुमारे १५० वस्तू होत्या: मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी यंत्रे, घरे गरम ठेवणारे उष्णता पंप, रस्त्यावर आणि रुळांवरही चालणारी बस. विद्यापीठांकडून मदत मागून फारशी मिळाली नाही, तेव्हा समितीने आपल्याच कामगारांना प्रश्नावली पाठविली होती. तुमच्या खात्यात कोणती यंत्रे आहेत, कोणते कसब आहे, आणि त्यांतून समाजाच्या उपयोगाचे काय बनविता येईल, असे ते प्रश्न होते. व्यवस्थापनाने आराखडा नाकारला, मजूर पक्षाच्या सरकारने टोलवाटोलवी केली, आणि समितीतील एक प्रमुख कार्यकर्ते माइक कूली यांना १९८१ साली कामावरून काढण्यात आले. त्या बसचा नमुना मात्र बनला आणि चाललाही.

कारखान्यांच्या भागांत काम करणाऱ्या शाखांनी पुढील द्वारसभेपूर्वी तशाच प्रश्नावलीचा मराठी मसुदा तयार करावा. खात्यांची आणि यंत्रांची नावे तेथल्या कामगारांनाच विचारून भरावीत.