तांबड्या मातीतील चुंबकत्व



मालवणच्या माणसाला गंज म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. खिडकीचे गज, होडीचे खिळे, अंगणातल्या रहाटाचा आस, सायकलची साखळी यांपैकी ज्याची म्हणून दोन पावसाळे निगा राहिली नाही, ते खारा वारा खाऊन टाकतो. याच किनाऱ्यावर राजकोट येथे ४ डिसेंबर २०२३ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो पुतळा कोसळला. पुतळ्याच्या नट-बोल्टना गंज चढत असल्याचे पत्र त्यापूर्वी काही दिवस सार्वजनिक बांधकाम विभागाने पाठविल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. मे २०२५ मध्ये त्या जागी नवा पुतळा उभा राहिला, ही समाधानाची गोष्ट. परंतु ज्या दिवशी तो पहिला पुतळा पडला, त्या दिवशी प्रत्येक मराठी मन विद्ध झाले आणि एक कठोर धडा शिकून गेले. श्रद्धा कितीही उत्कट असो, द्रव्याचे नियम तिच्यासाठी थांबत नाहीत. भक्तीला द्रव्यज्ञानाची जोड द्यावी लागते.

गंज म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचा पाण्याच्या साक्षीने झालेला संयोग. रसायनशास्त्र अशा संयुगांना ऑक्साइड म्हणते. कोकणची सारी तांबडी ओळख या ऑक्साइडांचीच आहे. ज्या जांभ्या चिऱ्यांनी येथील घरे आणि गडगे उभे राहिले, त्या चिऱ्याचा रंग लोहाच्या ऑक्साइडांचा. वेंगुर्ले तालुक्यातील रेडीच्या खाणीत निघते तेही लोहाचेच ऑक्साइड. किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतून एखाद्या मुलाने लोहचुंबक फिरवला, तर काळे कण त्याला मिशांसारखे चिकटतात. त्यात असते मॅग्नेटाइट, म्हणजे पुन्हा लोह आणि प्राणवायू.

येथे एक प्रश्न साहजिकच मनात येतो. द्रव्ये तीच दोन असताना गंजलेल्या खिळ्याचा भुगा जवळजवळ निर्जीव का, आणि वाळूतला काळा कण चुंबकाकडे धाव का घेतो? उत्तर रचनेत आहे. लोहाचा प्रत्येक अणू हा एक सूक्ष्म चुंबकच असतो. गंजाच्या रचनेत शेजारी शेजारी बसलेले अणू परस्परविरुद्ध दिशांना तोंड करतात आणि एकमेकांचे बळ खोडून टाकतात. मॅग्नेटाइटमध्ये लोह दोन रूपांत असते. त्यातील दोन फेरिक अणू एकमेकांना खोडतात, परंतु फेरस अणूचे बळ शिल्लक उरते, आणि असे कोट्यवधी अणू एका दिशेने उभे राहिले की खनिजाला चुंबकत्व येते. फ्रान्सच्या लुई नेल यांनी १९४८ मध्ये हे गणित उलगडले आणि १९७० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. व्यक्ती त्याच, पण त्यांचे बळ परस्परांना खोडण्यात खर्च होते की एका दिशेला लागते, यावर समाजाचे सामर्थ्य ठरते. संघटनेचे काम करणाऱ्यांना ही गोष्ट अधिक विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही.

या दगडाशी भारताचा परिचय प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत शरीरात रुतलेले लोखंडी शल्य काढण्याच्या उपायांत अयस्कांताचा उल्लेख येतो. वैशेषिकांनी सुईच्या चुंबकाकडे होणाऱ्या गतीची नोंद केली आणि तिचे कारण अदृष्ट आहे असे प्रांजळपणे सांगितले. जे दिसले ते नोंदवायचे आणि जे कळले नाही ते कळले नाही म्हणायचे, हीच विज्ञानाची पहिली पायरी. पूर्वजांनी ती गाठली होती. पुढच्या पायऱ्या मात्र मधल्या काळात इतरांनी चढल्या, हेही तितक्याच प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर त्या पायऱ्या पुन्हा चढण्याचा पहिला मान मिळाला तो आपल्या सह्याद्रीला. दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसातून थिजला. थिजताना त्यातील चुंबकीय ऑक्साइडच्या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवली. १९५० च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सहस्रबुद्धे व राधाकृष्णमूर्ती प्रभृतींनी या पाषाणाचे नमुने तपासले. त्यातून निघालेला निष्कर्ष असा की, हा खडक थिजला तेव्हा भारतभूमी विषुववृत्ताच्या बरीच दक्षिणेस होती. खंड सरकतात ही कल्पना जगातील अनेक विद्वान तेव्हा हसण्यावारी नेत होते. तिच्या बाजूने जी साक्ष उभी राहिली, तीत या कातळातील राईहूनही लहान ऑक्साइड कणांची साक्ष होती.

अशा ऑक्साइडांना उद्योगात आणण्याचे श्रेय मात्र जपानचे. १९३० मध्ये टोकियोत योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई या प्राध्यापकांनी फेराइट, म्हणजे लोह ऑक्साइडात दुसऱ्या धातूंची ऑक्साइडे मिसळून भाजलेली चुंबकीय माती तयार केली. १९३५ मध्ये केवळ तिच्या उत्पादनासाठी एक कंपनी स्थापन झाली. पुढे टीडीके या नावाच्या कॅसेटी घराघरांत पोहोचल्या, ती हीच कंपनी. प्राध्यापकाच्या मेजावरून कारखान्यात जाण्यास तेथे पाच वर्षे लागली. आज मोबाइलच्या चार्जरमधील गाभा फेराइटचा असतो आणि आंगणेवाडीच्या जत्रेत लागणाऱ्या ध्वनिक्षेपकांतही बहुधा फेराइटचाच चुंबक असतो.

याची दुसरी बाजू आपल्या अंगणातली आहे. शेजारच्या गोव्यातून १९५० च्या दशकापासून लोहखनिजाची जहाजे जपानकडे जाऊ लागली. रेडीचे खनिजही बंदरातून बाहेर गेले. माती येथून टनांच्या भावाने गेली आणि तिचेच ज्ञानसंस्कारित रूप नगांच्या भावाने परत आले. कच्चा कापूस मँचेस्टरला आणि तयार कापड मुंबईला, हा ज्या व्यवहाराविरुद्ध स्वदेशीचा मंत्र प्रथम उच्चारला गेला, त्याच व्यवहाराची ही दुसरी आवृत्ती होय.

यावरून आपल्याकडे बुद्धी नव्हती असा समज कोणी करून घेऊ नये. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. ए. पी. बी. सिन्हा यांनी मँगनीजच्या चुंबकीय ऑक्साइडांवर मूलगामी काम केले आणि १९७२ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी डॉ. वि. ग. भिडे यांचे डॉ. सी. एन. आर. राव यांच्यासमवेत लॅन्थॅनम कोबाल्ट ऑक्साइडवरील संशोधन प्रसिद्ध झाले. हेच भिडे पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९८७ मध्ये पुणे विद्यापीठातील पाटील, कानेटकर, ओगले आणि स्वतः भिडे आदींच्या गटाने पाण्यात बुडविलेल्या लोखंडावर लेसरचे क्षणाच्या अब्जांश भागांत मोजावे लागणारे स्पंद सोडले आणि त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर घडविला. पाणी आणि लोखंड हे मालवणच्या होडीचे जुने वैर. ते वैर पुण्याच्या प्रयोगशाळेत साधन बनले, आणि त्या कामाला अमेरिकेच्या सर्वमान्य भौतिकी नियतकालिकात स्थान मिळाले.

अशा थराला थिन फिल्म, म्हणजे पातळ थर म्हणतात. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी असते. तो तयार करण्याची एक रीत अशी की, निर्वात पात्रात ऑक्साइडच्या वडीवर लेसरचा प्रखर स्पंद सोडायचा, वडीतून ज्वालेसारखा झोत उसळतो आणि समोर तापवून ठेवलेल्या चकतीवर अणूंचा थर बसतो. डॉ. सतीशचंद्र ओगले यांनी पुण्यात आणि नंतर अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात या रीतीचा व्यासंग केला. २००३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह कथिलाच्या पारदर्शक ऑक्साइडात अल्प कोबाल्ट मिसळून चुंबकीय थर मिळाल्याचे जाहीर केले. काचेसारखा पारदर्शक, तरीही चुंबक! पुढे ते पुण्यास परतले आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत व नंतर आयसर या संस्थेत त्यांनी काम केले.

या विषयातील एक प्रसंग तरुणांनी विशेष लक्षात ठेवावा. अशा पारदर्शक ऑक्साइडांतील चुंबकत्वाचे दावे जगभरातून येऊ लागले, तेव्हा त्यांच्यावर शंकाही उपस्थित झाल्या. हॅफ्नियम ऑक्साइडच्या थरांबाबत २००५ मध्ये असे दाखविण्यात आले की, नमुना पोलादी चिमट्याने उचलला तरी चिमट्याचे लोखंड लागून खोटे चुंबकत्व दिसू शकते. क्षेत्रातील संशोधकांनी हे आव्हान स्वीकारले, मापने पुन्हा तपासली आणि थरातील उणिवांचा वाटा किती याचा शोध घेतला. २०१० मध्ये स्वतः ओगले यांनी या साऱ्या वादाचा साकल्याने आढावा घेतला. आपल्या आवडत्या निष्कर्षाकडे परक्याच्या कठोर दृष्टीने पाहणे हा चारित्र्याचाच भाग आहे. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ज्या विज्ञाननिष्ठेचा आग्रह धरला, ती याहून वेगळी नव्हे.

हे सारे महागड्या यंत्रांखेरीज होत नाही असे म्हणणाऱ्यांनी घाट चढून कोल्हापूरला जावे. शिवाजी विद्यापीठात डॉ. चंद्रकांत लोखंडे यांनी रासायनिक द्रावणातून पातळ थर बसविण्याच्या पद्धती विकसित केल्या. काचपात्र, द्रावण, योग्य तापमान आणि अपार चिकाटी यांच्या बळावर त्या गटाने जगभर वाचले जाणारे संशोधन केले. ग्रामीण भागातून आलेल्या कित्येक विद्यार्थ्यांना त्यातून संशोधनाची वाट मिळाली.

आता एक साधा हिशेब मांडावा. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतक्या जाडीचा थर द्यावयाचा, तर एक ग्रॅम मॅग्नेटाइट सुमारे दोन चौरस मीटर पृष्ठभागाला पुरते. उलट खनिज विकून पैसा मिळवायचा, तर डोंगरच्या डोंगर पोखरावे लागतात. सिंधुदुर्गात खाणींवरून वस्त्या आणि बागायतदार यांच्या मनात किती खदखद आहे ते येथे कोणाला सांगावयास नको. डॉ. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाविषयी अहवाल दिला, तेव्हापासून विकास की निसर्ग असा वाद चालूच आहे. ज्ञान वाढले तर टनांची भूक ग्रॅमवर येऊ शकते, हा या वादातला दुर्लक्षित पक्ष होय. अर्थात पातळ थरांमुळे पोलादाची गरज संपणार नाही. पण कोकणच्या मुलाने खाणीवरचा ट्रक चालवावा की द्रव्यविज्ञानाची प्रयोगशाळा, हा प्रश्न त्यामुळे नव्याने विचारता येतो.

आणि हा प्रश्न आता केवळ कोकणचा राहिलेला नाही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि आपला वाहनउद्योग चिंतेत पडला. मोटारीतील मुठीएवढा चुंबक परराष्ट्राच्या हातातील लगाम ठरू शकतो, हे तेव्हा सर्वांना उमगले. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने अशा चुंबकांच्या स्वदेशी उत्पादनासाठी ७,२८० कोटी रुपयांच्या योजनेस मान्यता दिली. ती स्वागतार्ह आहे. त्याचबरोबर दुर्मिळ मृदा धातूंवाचून बनणाऱ्या फेराइट चुंबकांकडेही लक्ष हवे. त्यांचे बळ दुर्मिळ मृदा चुंबकांच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढेच, पण त्यांचे मुख्य द्रव्य लोह ऑक्साइड आहे आणि ते कोणाकडे मागावे लागत नाही.

उणीव आहे ती प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्यामधल्या पुलाची. जपानने तो पाच वर्षांत बांधला. आपल्याकडे शोधनिबंध प्रसिद्ध होतो, संशोधकाचा सत्कार होतो आणि वही बंद होते. उद्योजक तयार यंत्र परदेशातून आणण्यात सुरक्षितता मानतो आणि पालक मुलाला मूलभूत विज्ञानापासून दूर ठेवण्यात शहाणपण मानतात. सरकारने पैसा द्यावा हे खरे, परंतु ही मनोवृत्ती बदलण्याचे काम समाजाचे आहे.

समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे. १६६४ मध्ये महाराजांनी त्याची पायाभरणी केली. परकी आरमारे समुद्रावर मिरवत असताना त्यांनी गलबते विकत घेण्यावर समाधान मानले नाही. त्यांनी स्वतःचे कारागीर, स्वतःची गोदी आणि स्वतःचे आरमार उभे केले. पायाच्या चिऱ्यांत शिसे ओतल्याचे सांगतात. खाऱ्या पाण्यात काय टिकते याचा विचार त्या काळी झाला होता, म्हणून साडेतीनशे वर्षांनंतरही तो तट लाटा झेलीत आहे.

महाराजांचे स्मारक धातूचे असावेच. पण त्यांच्या भूमीतील एखाद्या शाळेत एखादा मुलगा किंवा मुलगी चुंबकाला चिकटलेल्या काळ्या वाळूकडे पाहून 'असे का?' म्हणून विचारील, आणि घरातील वडीलधारे त्या प्रश्नाला गप्प न बसवता त्याची पाठराखण करतील, तर ते स्मारक गंज चढू न शकणारे असेल.