ऑनलाइन खरेदीत फसगत झाली तर

ऑनलाइन मागवलेली वस्तू आलीच नाही किंवा भलतीच आली, आणि विक्रेता दाद देत नाही. पैसे क्रेडिट कार्डाने भरले असतील, तर आपल्या बँकेकडे ‘चार्जबॅक’ मागता येतो. व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांच्यामार्फत बँक विक्रेत्याच्या बँकेकडे रक्कम परत मागते. विक्रेत्यालाही आपली बाजू मांडता येते, म्हणून सगळी मदार पुराव्यावर. ऑर्डरची पावती, आलेल्या वस्तूचे फोटो, विक्रेत्याशी झालेले संदेश, काहीही पुसू नका. फोनवर बोलणं झालं तरी तक्रार लेखी द्या, तक्रार क्रमांक मागून घ्या. मुदत ठरलेली असते, त्यामुळे दिरंगाई नको.

व्यवहार तुम्ही केलाच नसेल, तर प्रकरण वेगळं. कार्ड तत्काळ बंद करा आणि सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला १९३० वर कळवा. चूक तुमची नसेल आणि तुम्ही बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या नियमानुसार तुमच्यावर भुर्दंड पडत नाही. हा नियम घराघरांत माहीत असायला हवा.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. विक्रेत्याविरुद्धच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.