पाहावे असे कांहीं युद्धपट

गेल्या उन्हाळ्यांत माझा एक भाचा सुटीसाठीं माझ्याकडे राहावयास आला होता. वय सतरा वर्षांचें. लष्करांत अधिकारी व्हावयाचें हा त्याचा लहानपणापासूनचा ध्यास, आणि त्यासाठीं प्रवेशपरीक्षेची तयारी जोरांत चाललेली. एके दिवशीं रात्रीं जेवणें झाल्यावर तो मला म्हणाला, "मामा, लढाईवरचे खरोखर चांगले चित्रपट कोणते, त्यांची मला एक यादी करून द्या." चित्रपटांचा नाद मला कॉलेजपासूनचा. मीं मोठ्या उत्साहानें कागद पुढें ओढला. पण दोन नांवें लिहून होतात न होतात तोंच हात थबकला. आपल्यासारख्या प्रेक्षकांना युद्धपट म्हणजे दोन-अडीच तासांची करमणूक. दिवे लागले कीं युद्ध संपलें. हा मुलगा मात्र उद्यां खराखुरा गणवेष चढविणार. त्याला काय दाखवावें, आणि काय दाखवूं नये? बऱ्याच खाडाखोडीनंतर त्या रात्रीं जी यादी तयार झाली, तीच आज श्रोत्यांपुढें ठेवीत आहें.

पुष्कळसे गाजलेले युद्धपट मीं आरंभींच वगळले. त्यांत तोफा उत्तम धडाडतात, विमानें मोठ्या डौलानें कोसळतात, छातींत गोळी शिरल्यावरहि नायक लांबलचक भाषण करतो. फक्त समोरच्या खंदकांत कोण आहे, हें शेवटपर्यंत कळत नाहीं. तेथला शत्रु म्हणजे नेम लागतांच पडणारें जत्रेंतलें बाहुलें. माझी कसोटी साधी होती : ज्या चित्रपटांत शत्रूला चेहरा आहे, तोच घ्यावयाचा.

यादींतलें पहिलें नांव ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’. हा १९३० सालचा अमेरिकन बोलपट. एरिख मारिया रेमार्क हा जर्मन लेखक स्वतः पहिल्या महायुद्धांत जखमी झालेला होता. १९२९ सालीं निघालेल्या त्याच्या कादंबरीवरून लुइस माइलस्टोन यानें हा चित्रपट दिग्दर्शित केला. कथा एका जर्मन शाळेंत सुरू होते. मास्तर देशभक्तीवर आवेशपूर्ण व्याख्यान देतात, आणि वर्गच्या वर्ग उठून पलटणींत दाखल होतो. पुढें तीं मुलें एकेक करून कमी होत जातात. त्यांतला पॉल नांवाचा मुलगा एका चकमकींत तोफगोळ्यानें पडलेल्या खड्ड्यांत आसरा घेतो. तेवढ्यांत वरून एक फ्रेंच शिपाई आंत उडी टाकतो, आणि पॉल भीतीच्या भरांत त्याला भोसकतो. बाहेर गोळीबार चालू असल्यामुळें निघून जातां येत नाहीं. आणि तो शिपाई लौकर मरतहि नाहीं. सारी रात्र पॉलला त्याच्याजवळ काढावी लागते. तो त्याच्या ओठांना पाणी लावतो, त्याची क्षमा मागतो. अखेरीस तो त्याच्या खिशांतले कागद काढतो. त्यांत त्याच्या बायकोचें आणि मुलाचें छायाचित्र असतें, आणि त्याचें नांव असतें.

येथें एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. हा फ्रेंच शिपाई ज्यानें केला तो रेमंड ग्रिफिथ मूकपटांच्या जमान्यांतला नांवाजलेला विनोदी नट. परंतु त्याचा आवाज बिघडलेला होता. घोगऱ्या कुजबुजीपलीकडे त्याला बोलतां येत नसे. बोलपट आला आणि त्याची नटाची कारकीर्द संपली. पडद्यावरची ही त्याची शेवटची भूमिका, आणि तींत त्याला बोलावयाचें असें कांहीं नाहींच. त्याचे नुसते डोळे मात्र मला आज इतक्या वर्षांनीं आठवतात.

डिसेंबर १९३० मध्यें हा चित्रपट बर्लिनमध्यें लागला, तेव्हां गोबेल्सच्या नाझी अनुयायांनीं थिएटरांत दुर्गंधीचे गोळे फोडले, पांढरे उंदीर सोडले, आणि आठवड्याच्या आंत त्यावर बंदीहि आली. मेलेल्या शिपायाच्या खिशांतल्या एका छायाचित्राला एवढें भ्यावें! २०२२ सालीं याच कादंबरीवर एडवर्ड बेर्गर यानें जर्मन भाषेंत नवा चित्रपट काढला. त्यांतला चिखल अंगाला लागल्यासारखा वाटतो. पण जुना पाहिल्याखेरीज नवा पाहूं नये, असें माझें मत आहे.

दुसरें नांव फ्रेंच : ‘ला ग्रांद इल्युझियाँ’, म्हणजे ‘मोठा भ्रम’, साल १९३७. दिग्दर्शक झाँ रन्वार हा स्वतः पहिल्या महायुद्धांत वैमानिक होता. नवलाची गोष्ट अशी कीं, या युद्धपटांत एकहि लढाई नाहीं. जर्मनांच्या कैदेंत पडलेले फ्रेंच अधिकारी, त्यांचे पळून जाण्याचे बेत, आणि त्यांना डांबून ठेवणारा किल्ल्याचा जर्मन अधिकारी, एवढाच पसारा. हा जर्मन अधिकारी खानदानी सरदार. मोडलेल्या मानेला पट्टा बांधून ताठ वावरणारा. एरिख फोन श्ट्रोहाइमनें तो असा केला आहे कीं त्याचा राग येतच नाहीं. कैद्यांतल्या एका खानदानी फ्रेंच अधिकाऱ्याशीं त्याची मैत्री जमते, आणि पुढें त्याच मित्रावर कर्तव्य म्हणून गोळी झाडण्याची पाळी त्याजवर येते. त्या दगडी किल्ल्यांत एकच फूल असतें, त्याच्या खिडकींतल्या कुंडींतलें. मित्र गेल्यावर तो कात्री घेऊन तें छाटतो. यापलीकडे शोकाचें एक अक्षर नाहीं.

पळालेल्या दोघांना पुढें एक जर्मन शेतकरीण आसरा देते. तिचा नवरा आणि भाऊ निरनिराळ्या मोठमोठ्या लढायांत पडलेले. घरांतलें जेवणाचें टेबल तेवढें पूर्वीचेंच राहिलें आहे, आणि तें आतां तिला व तिच्या लहान मुलीला फार मोठें होतें. गोबेल्सला हाहि चित्रपट डोळ्यांपुढें नको होता. मुसोलिनीच्या इटलींतहि त्यावर बंदी होती. त्याची मूळ फिल्म जर्मनांनीं बर्लिनला नेली, तेथून ती रशियनांच्या हातीं मॉस्कोला गेली, आणि पुष्कळ वर्षांनीं फ्रान्सांत तूलूझला परतूनहि कोणाच्या ओळखीविना पडून राहिली. युद्धकैद्याची कथा सांगणाऱ्या चित्रपटाच्या कपाळींहि कैदच यावी!

हे दोन चित्रपट आम्हीं मामा-भाच्यांनीं पाहिल्यावर माझी बहीण माझ्यावर रागावली. फोनवर म्हणाली, "दादा, परीक्षा तोंडावर आली आहे. अशा वेळीं पोराचें मन कच्चें कशाला करतोस?" तिचा प्रश्न अगदींच गैर नव्हता. मीं तिला इतकेंच सांगितलें कीं, हीं चित्रें घरांत बसून लिहिणाऱ्या भित्र्या माणसांचीं नव्हत. रेमार्क खंदकांत होता, रन्वार विमानांत होता; ‘बॅलड ऑफ ए सोल्जर’ हा १९५९ सालचा कोमल रशियन चित्रपट काढणारा ग्रिगोरी चुखराय तर स्टालिनग्राडच्या रणांगणावर लढलेला. जे जाऊन आले त्यांनींच शत्रूला चेहरा दिला. तिचें समाधान झालें असें मात्र मी म्हणणार नाहीं.

स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ या १९५७ सालच्या चित्रपटांत शत्रु जवळजवळ दिसतच नाहीं. तेथें फ्रेंच शिपायांचे खरे वैरी त्यांचेच सेनापति आहेत. अशक्य हल्ला फसला म्हणून तीन निरपराध शिपायांना भ्याडपणाच्या आरोपावरून उभे करून गोळ्या घालतात. फ्रान्सांत तो १९७५ पर्यंत दाखविला गेला नाहीं. शेवटीं एका जर्मन मुलीला खानावळींत या शिपायांपुढें गावयास लावतात. ते प्रथम आरडाओरडा करतात, मग गप्प होतात, मग डोळे पुसत तिच्याबरोबर गुणगुणूं लागतात. तेवढ्यासाठीं तरी हा पाहावा. कोन इचिकावा याचा ‘बर्मीज हार्प’ (१९५६) आणि क्लिंट ईस्टवुडचा ‘लेटर्स फ्रॉम इवो जिमा’ (२००६) हे जोडीनें पाहण्याजोगे. दुसऱ्यांत मरणाऱ्या अमेरिकन सैनिकाच्या आईचें पत्र एक जपानी अधिकारी आपल्या माणसांना वाचून दाखवितो, आणि आपलीहि आई हेंच लिहिते, हें त्यांच्या ध्यानांत येतें. अमेरिकन दिग्दर्शकानें जपानी भाषेंत हें चित्र काढावें, यांतच सारें आलें.

आपल्याकडचें काय? चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ (१९६४) माझ्या कसोटीस उतरत नाहीं. त्यांतल्या चिनी शिपायाला चेहरा नाहीं. तरी मीं तो यादींत ठेवला. १९६२ ची जखम ओली असतांना, लडाखच्या थंडींत मागें हटणाऱ्या जवानांची कथा सांगणें, म्हणजे पराभव न लपवितां सांगणें, यास धैर्य लागतें. आणि व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) मराठी घरांनीं कसा विसरावा? सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ च्या डिसेंबरांत तेथेंच वारले. त्यांतला चीन आज कृत्रिम वाटतो, हें खरें. पण गोळी झाडण्याऐवजीं जखमा शिवणारा नायक युद्धपटांत किती वेळां भेटतो?

शेवटचें नांव मीं लिहिलें, खोडलें, पुन्हां लिहिलें. एलेम क्लिमोव्हचा ‘कम अँड सी’, १९८५ सालचा. बालपणीं जळणारें स्टालिनग्राड सोडून आईबरोबर व्होल्गापार झालेल्या या दिग्दर्शकानें बेलारूसमधील एका पोराची कथा सांगितली आहे. १९४३ मध्यें तो मोठ्या हौसेनें बंदूक मिळवून गनिमी टोळींत जातो, आणि थोड्याच दिवसांत त्याचा चेहरा म्हाताऱ्यासारखा होतो. बेलारूसमध्यें ६२८ गांवें माणसांसकट जाळण्यांत आलीं, असें अखेरीस पडद्यावर लिहून येतें. येथें शत्रु राक्षसी आहे, आणि तरीहि दिग्दर्शक एका जागीं थांबतो. तो मुलगा चिखलांत पडलेल्या हिटलरच्या तसबिरीवर गोळ्यांमागून गोळ्या झाडतो. प्रत्येक गोळीबरोबर काळ उलटा धांवतो. हिटलर तरुण होतो, पोर होतो, आणि शेवटीं आईच्या मांडीवरचें तान्हें मूल होतो. तेथें त्याची बंदूक थांबते.

हा चित्रपट लहान मुलांना दाखवूं नये, रात्रीं उशिरां पाहूं नये, आणि मन खचलेलें असतांना तर मुळींच नाहीं. भाच्यानें तो अद्याप पाहिलेला नाहीं. परीक्षा झाली, निकाल यावयाचा आहे. दिवाळींत तो पुन्हां येणार आहे आणि तेव्हां हा पाहावयाचा असें ठरलें आहे. मात्र मामानें शेजारीं बसलें पाहिजे, अशी त्याची अट आहे.