ई-मेलवरची तक्रार : गुप्तता आणि जतन

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार आता बरेचदा ई-मेलने येते. २०१३ च्या कायद्याचे कलम १६ तक्रारदार बाईची ओळख उघड करायला मनाई करते. म्हणून विषयाच्या ओळीत तिचे नाव नको. 'गोपनीय' आणि प्रकरण क्रमांक एवढेच लिहा. टेबलावरच्या फोनवर ती ओळ कुणीही वाचू शकते. आणि पत्र समितीबाहेरच्या सहकाऱ्यांना पुढे पाठवले, तर तो शिक्का असून उपयोग काय?

दुसरा मुद्दा जतनाचा. समितीच्या शिफारशींवर ९० दिवसांत अपील करता येते. जीमेलच्या कचरापेटीतली पत्रे मात्र ३० दिवसांनी कायमची जातात. मग बाईने पुरावा कुठून आणायचा? म्हणून समितीने पत्रे जपावीत आणि बाईनेही स्वतःकडे छापील प्रत ठेवावी. झाकायची ती ओळख. पुरावा पुसला जाता कामा नये.