दारात दिलेले उत्तर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा मंडळाने असे ठरवले की, प्रत्येकीने आपल्या नात्यातल्या एखाद्या नोकरदार बाईच्या कामाची माहिती सांगायची. परिचारिकेचे काम सांगून झाले, शिक्षिकेचे झाले, एस.टी.तल्या कंडक्टरबाईचेही झाले. माझ्या वाट्याला माझी भाची आली, म्हणजे नणंदेची मुलगी. ती पाहण्या करणाऱ्या एका संस्थेत वरिष्ठ संख्याशास्त्रज्ञ आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा तिच्या कामातले अवघड गणित मी सांगणार नाही. पण सुट्टीला ती आमच्याकडे येते, आणि भाजी निवडता निवडता तिने जे समजावले, ते आपणा सर्वजणींच्या कामाचे आहे असे मला वाटले.

शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. तिच्या कामाचे मूळ तेच. देशात किती लोक कामाला जातात, किती मुले शाळेत जातात, किती बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे कळायला दर वेळी घरोघर शिरगणती करणे परवडत नाही. म्हणून थोडी घरे निवडायची आणि त्यांवरून सर्वांचा अंदाज करायचा. लग्नाच्या आमटीचे मीठ आपण पळीभर घेऊनच पाहतो. पातेले मोठे म्हणून कोणी बादलीभर आमटी चाखत नाही. मात्र आधी ती तळापासून ढवळलेली असावी लागते.

हे ढवळणे म्हणजे घरांची निवड. आपल्या भिशीत चिठ्ठी निघते, तशी ती निघावी लागते. तिथे ओळख चालत नाही की वशिला चालत नाही. रस्त्यालगतची, बोलक्या बायकांची घरे तेवढी घेतली, तर वाडीच्या टोकाचे घर कधीच मोजले जाणार नाही. म्हणून चिठ्ठीत निघालेल्या घराला कुलूप असले, तर "शेजारी विचारून टाकू" असे करता येत नाही. पुन्हा जावे लागते. दिवसा कुलूप कोणाच्या घराला असते? नवरा-बायको दोघेही कामावर जातात त्यांच्या. तीच घरे गळली, तर कामावर जाणाऱ्या बायका आकड्यांतून गळल्या.

आपल्या देशात हे काम मोठ्या प्रमाणावर १९५० साली सुरू झाले. राष्ट्रीय नमुना पाहणी असे त्याचे नाव. कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा त्यात मोठा वाटा. त्यांचा जन्मदिवस २९ जून हा २००७ पासून संख्याशास्त्र दिन म्हणून पाळला जातो. पहिल्या फेरीसाठी साऱ्या देशातून १,८३३ खेडी निवडली होती, आणि त्या कामाला पुण्याच्या गोखले संस्थेनेही हात लावला होता.

या शास्त्रातले दुसरे मोठे नाव तर आपल्या सातारा जिल्ह्यातले आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, गाव बुध. शेतात पीक किती आले हे ठरवायला एक तुकडा आखतात, त्यातले पीक कापून, झोडून वजन करतात. हा तुकडा फार लहान घेतला, तर उत्पन्न खरे आहे त्यापेक्षा जास्त दिसते, हे सुखात्म्यांनी १९४०-५० च्या दशकात प्रयोग करून दाखवले. कारण साधे आहे. रेघेवरचे ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणारा ते आत धरतो. तुकडा लहान, तर त्याच्या मानाने कड मोठी. भाचीने हे सांगितले तेव्हा मला आमच्या सासूबाईंचे चिपटे आठवले. पायलीने जोंधळे मोजले तर शीग एकदाच लागते; तेच चिपट्याचिपट्याने मोजले तर प्रत्येक वेळी शीग, आणि घेणाऱ्याचा फायदा! ही गोष्ट जुन्या बायकांना ठाऊक होती. सुखात्मे पुढे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. नंतर ते पुण्यास परत आले आणि १९९७ साली वारले.

आता भाची दिवसभर काय करते ते सांगते. किती घरे घ्यायची आणि कोणत्या गावांतून, हे ती ठरवते. प्रश्न विचारणाऱ्या मुलींना शिकवते. भरून आलेल्या कागदांत मेळ बसतो की नाही ते पाहते. काही घरी दुसऱ्या माणसाला पुन्हा पाठवून पहिली माहिती पडताळते. मग प्रत्येक घराला वजन देते. म्हणजे एक निवडलेले घर आणखी किती घरांच्या वतीने बोलते, याचा हिशेब. शेवटी आकडा निघाला आणि तो कोणाला आवडला नाही, तरी तो बदलायचा नाही, हेही तिचेच काम. मी विचारले, "यात सगळ्यात अवघड काय ग?" ती म्हणाली, "मामी, आकडा बिघडतो तो कचेरीत कमी आणि दारात जास्त."

भगिनींनो, ते दार आपले आहे. पाहणीवाली विचारते, "आपण काय करता?" आणि आपल्यातली एखादी पटकन म्हणते, "काही नाही, घरीच असते." ही बाई पहाटे दोन म्हशींची धार काढते, डेअरीला दूध घालते, खुरपायला घरच्या रानात जाते. नमुना पाहणीच्या तक्त्यात फक्त घरकाम करणारीला ९२ हा क्रमांक आहे. घरकामाबरोबर घरासाठी सरपण आणणे, शिवणे-टिपणे करणारीला ९३. घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी राबणारीला २१. यांतली २१ वाली कामकऱ्यांत मोजली जाते, ९२ आणि ९३ वाल्या मोजल्या जात नाहीत. म्हणजे "काही नाही" या दोन शब्दांनी म्हशी, रान आणि बाईचे राबणे सारे कागदावरून पुसले गेले. आणि तिच्या वजनामुळे, तिच्यासारख्या आणखी कितीतरी बायकांचेही पुसले गेले.

नीट विचारले आणि नीट सांगितले तर काय दिसते पाहा. २०१९ साली सरकारने दिवसाचा वेळ कसा जातो याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो असे निघाले, म्हणजे पाच तास. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली. बायकांची मिनिटे २८९ झाली आणि पुरुषांची ८८. आपली दहा मिनिटे कमी झाली म्हणून आनंद मानावा, तर त्यांचीही नऊ कमी झालीच! पण हसण्यावारी नेऊ नका. ज्या कामाचा पगार नाही, त्याची कागदावर नोंद तरी झाली.

तसेच आरोग्याच्या पाहणीचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ६ लाख ३६ हजारांवर घरे होती. १५ ते ४९ वयाच्या शंभरांतल्या ५७ बायकांना पंडुरोग आहे, हे त्यात दिसले. त्याच पाहणीत घरातल्या मारहाणीविषयीही विचारतात. ते प्रश्न घरातल्या एकाच बाईला आणि एकांतातच विचारायचे, एकांत मिळाला नाही तर विचारायचेच नाहीत, असा नियम आहे. सासू किंवा नवरा दाराशी उभा असेल तर बाई खरे कसे सांगेल? तेव्हा शेजारच्या घरी असे कोणी आले, तर आपण तिथे गर्दी करू नये, ही माझी विनंती.

सावधपणा मात्र हवाच. येणाऱ्याचे ओळखपत्र पाहावे, शंका आली तर ग्रामपंचायतीत किंवा पोलिसांत विचारावे. बँकेचा खातेक्रमांक, फोनवर आलेला ओटीपी किंवा पैसे कोणी मागितले तर ती पाहणी नव्हे, सरळ दार लावावे. खऱ्या पाहणीत तुमचे नाव छापत नाहीत. सर्वांची उत्तरे एकत्र करून आकडा काढतात.

आपण घरी बसून देशाचे आकडे मांडू शकत नाही. त्याला माझ्या भाचीसारख्या शिकलेल्या मुली हव्यात, आणि आपल्या मुलींतून त्या व्हाव्यात. पण आपले उत्तर देणे आपल्या हाती आहे. आपल्या दाराची चिठ्ठी निघाली, तर पाहणीवालीला बसायला सांगा, पाणी द्या, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय करता ते न लाजता एकेक सांगा. "काही नाही" एवढे मात्र म्हणू नका.